दोन बोटं पाणी

आमच्या घरात सगळ्यांत कमी पाणी पिणारं माणूस म्हणजे माझी सासू. दुपारी जेवताना अर्धा पेला, तोही घास अडकला तर. दिवस कलला की तेवढंही नाही. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा मला वाटलं, असते एकेकीची सवय. मी शाळामास्तरीण, शहाणपण शिकवण्याचा पगार घेणारी. पण रोज ज्या बाईच्या हातची भाकरी खात होते ती पाणी का पीत नाही, हा प्रश्न मला चार वर्षं पडला नाही. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो माझा मलाच येतो.

आमचं गाव नांदुऱ्याच्या पलीकडं, पूर्णेच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. गोडं पाणी आठ दिवसांतून एकदा नळाला यायचं, उन्हाळ्यात टँकरनं. त्यामुळे गोड्या पाण्याचे गुंड चुलीजवळ आणि खाऱ्या पाण्याचा ड्रम अंगणात, अशी घराची वाटणीच होती. खारं पाणीही फुकट नव्हतं. सासरे ते बैलगाडीवर टाकी ठेवून विहिरीवरून आणायचे आणि ड्रमचं झाकण स्वतः लावायचे. कुणी एक तांब्या जास्त सांडला तर त्यांना ओसरीवर बसल्या जागी ऐकू जायचं.

घरात संडास नव्हता. गावात दहा-बारा घरांत होते, त्यांतल्या निम्म्यांत सरपण भरलेलं असायचं. बायांची जागा म्हणजे गावाच्या उगवतीचं बाभळीचं बन, असं सासूबाई जुन्या दिवसांचं सांगायच्या. मग कापसाचं बीटी बियाणं आलं. पहिली दोन-तीन वर्षं बोंडं अशी लागली की माणसांना रिकामी जमीन दिसली की तिथं सरकी टोचावीशी वाटे. शेतांमधले धुरे गेले, बोराट्या गेल्या, बन गेलं. मी आले तेव्हा कापसाची पऱ्हाटी गावातल्या शेवटच्या घराच्या भिंतीला टेकली होती. आता आडोसा म्हणजे ती पऱ्हाटीच. पोळ्यापासून वेचणी संपेपर्यंत तो पुरायचा, पण त्यातही चौकशी करून जावं लागे. दिवेलागणीला बाया निघाल्या की पहिला प्रश्न, "आज कोन्हाच्या वावरात फवारलं वं?" फवारलेल्या पानांना अंग लागलं की मांड्यांवर पुरळ उठायचं, आणि ते डॉक्टरला दाखवायची कुणाची हिंमत नव्हती.

पुढं बोंडअळीनं बीटीलाही जुमानलं नाही. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. शेतीखात्याची माणसं सांगून गेली की पऱ्हाटी लवकर उपटा, अळीला घर उरू देऊ नका. त्यांचं बरोबरच होतं. पण संक्रांत झाली की गावाभोवती नुसती काळी, उघडी जमीन उरायची, पार हायवेपर्यंत. तिन्हीसांजेला ओळीनं बसलेल्या बाया ट्रकचा उजेड अंगावर आला की ताडकन उभ्या राहायच्या, ट्रक गेला की पुन्हा बसायच्या. त्या वर्षांत पारावर बोलणं निघालं तर अळीचं, भावाचं, पावसाचं. आमची ही उठबस कुणाच्या बोलण्यात कधी आली नाही.

एका पौषात सासूबाईंना थंडी वाजून ताप भरला आणि कमरेत अशी कळ निघाली की भिंतीला धरून त्या खाली बसल्या. खामगावला नेलं. डॉक्टरीण बाईंनी पोटाचा फोटो काढला आणि मला वेगळं न बोलावता त्यांच्यासमोरच सांगितलं, की खडे आहेत, एका बाजूची किडनी सुजली आहे, आणि दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलं नाही तर ती बाजू जाईल, मग दुसरी. सासूबाईंनी मान हलवली. बसमध्ये येताना खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. मी मात्र हिशेबाला लागले होते, तीन लिटर म्हणजे किती तांबे.

घरी आल्यावर मी रोज सकाळी एक मोठी बाटली भरून त्यांच्या हाताशी ठेवू लागले. संध्याकाळी ती रिकामी असायची. मी खूश. स्टाफरूममध्ये सांगूनही टाकलं की माझं ऐकतात हो त्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाळा लवकर सुटली आणि मी घरात शिरले, तर सासूबाई गोठ्यात उभ्या, बाटली वासराच्या तोंडात, आणि वासरू डोळे मिटून गोडं पाणी पितंय. मी इतकी भडकले की वासरू दचकून मागं सरलं. जे तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाटलीचं झाकण लावत म्हणाल्या, "पेलं तं जा लागते वं. कुठी जाऊ?"

नवरा नांदुऱ्याला जिनिंगमध्ये कामाला. सकाळी गेला की सांजच्याला यायचा, म्हणून या सगळ्यात त्याचा वाटा "करून टाका" एवढं म्हणण्याचा. खरी गाठ सासऱ्यांशी होती. मी ओसरीवर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मामाजी, संडास बांधायचा आहे." ते कंजूष नव्हते, निर्दय तर नव्हतेच. बायकोच्या दुखण्यानं त्यांचा चेहरा उतरला होता. पण त्यांनी ड्रमकडं बोट दाखवलं. "प्यायले पानी नाई बाप्पा, अन् हागायले बादली-बादली वतू? आनीन कुठून? बैल मरतीन."

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांनी आतून संडास पाहिला होता तो माझ्या माहेरचा. माझे वडील बुलढाण्याला कचेरीत कारकून. आम्ही राहायचो त्या घरात संडासाच्या छताजवळ लोखंडी टाकी होती आणि तिला साखळी लोंबायची. साखळी ओढली की असा धबधबा कोसळायचा की शेजारच्यांना कळायचं आमच्याकडं कोण कुठं आहे. एवढं करून भागायचं नाहीच, वरून बादली ओतावी लागे. लहानपणी मला त्या टाकीचा भारी अभिमान. सासऱ्यांना मी सांगितलं ते हेच, की मला तसा संडास हवा. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

वडनेरचा एक मिस्त्री आमच्या गावात बांधकामं करायचा. मुसलमान माणूस, चाळिशीचा, कमी बोलणारा आणि बोलला की ऐकवणारा. त्याला बोलावलं. त्यानं माझ्या माहेरच्या टाकीचं वर्णन शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, तो हत्ती हाय. तुमच्या घरी बकरी पोसनं होते का पाहा पयले." दुसऱ्या दिवशी तो सायकलच्या कॅरिअरला पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी बांधून घेऊन आला. पोतं सोडलं. आत एक पांढरं भांडं होतं. त्याला ग्रामीण भांडं म्हणतात, असं तो म्हणाला. शहरातल्या भांड्यासारखं ते पसरट नव्हतं. त्याची मागची बाजू उतरणीला लागल्यासारखी थेट खाली गेलेली. त्याच्याखाली जोडायची मानेसारखी वाकलेली नळी वेगळी होती. तिला तो कोंबडा म्हणत होता.

"एक टमरेल," तो सासऱ्यांना म्हणाला. "धुवायचं वेगळं, वतायचं एक. बस."

"एका टमरेलात?" सासरे हसले. "मिस्त्री, येडा समजून राह्यला का मले?"

मिस्त्रीनं वाद घातला नाही. अंगणात विटांच्या दोन थप्प्या रचून त्यावर भांडं ठेवलं, खाली कोंबडा जोडला, आणि कोंबड्याच्या तोंडाशी घमेलं लावलं. मग त्यात थोडं पाणी ओतलं. कोंबड्याच्या वळणात दोन बोटं पाणी थांबून राहिलं. "आता टाका काय टाकायचं ते," तो म्हणाला. सासरे गोठ्यात गेले. सकाळी म्हशीसाठी सरकीची ढेप भिजवलेली होती. ती त्यांनी मूठभर घेतली, नीट मळली, आणि वयाला न शोभणारा खट्याळपणा चेहऱ्यावर आणून तिचे जे आकार केले ते मी इथं सांगत नाही. तोवर शेजारची चार माणसं जमली होती. सासूबाई दाराच्या चौकटीआड उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून.

ढेप भांड्यात पडली. मिस्त्रीनं टमरेल भरलं आणि मागच्या बाजूनं एका झटक्यात ओतलं. भळकन आवाज झाला, आणि भांडं रिकामं. घमेल्यात ढेप. कोंबड्यात पुन्हा स्वच्छ दोन बोटं पाणी, जणू तिथं काही झालंच नाही. सासऱ्यांनी वाकून पाहिलं, भांड्याच्या आतून बोट फिरवलं, बोट पाहिलं. "पुन्हा," ते म्हणाले. दुप्पट ढेप घातली. एक टमरेल. गेली. त्यांनी स्वतः ओतून पाहिलं. गेली. मग त्यांना हरायचं नव्हतं म्हणून त्यांनी घरात जाऊन कापसाचा मूठभर पुंजका आणला आणि टाकला. तो मात्र तरंगत राहिला. सासरे विजयानं वळले, तर मिस्त्री गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बाबा, तुम्ही कापूस खाऊन राह्यले का?"

अंगण हसून लोळलं. चौकटीआडून हसण्याचा आवाज आला, तो सासूबाईंचा. मी मात्र हसताना त्या कोंबड्याकडं पाहत होते. माझ्या माहेरी एवढा मोठा धबधबा कोसळायचा, आणि इथं कुणीतरी नुसता एक उतार आणि एक वळण मोजून ठेवलं होतं. ज्यानं कुणी ते पहिल्यांदा मोजलं त्यानं आमच्यासारख्यांचं घर पाहिलं असणार, ड्रमचं झाकणसुद्धा पाहिलं असणार, असं मला वाटलं. अंगावर काटा आला. संडासाच्या भांड्याकडं पाहून अंगावर काटा येणारी मी गावातली पहिलीच बाई असेन.

काम सुरू झालं. मिस्त्रीनं घरामागं दोन खड्डे खणायला लावले. एक भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्याला झाकून विसरून जायचं, असं तो म्हणाला. खड्ड्याच्या भिंती त्यानं विटांच्या, पण मध्ये भोकं सोडून बांधल्या, आणि बाहेरून विटांचे तुकडे व वाळू भरली. पाणी त्या भोकांतून मातीत मुरणार. सासरे रोज काठावर बसून ते पाहत आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत जाई. काळी माती त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात पाय जाईल एवढी फाटते, भल्या भल्या भिंती तडकवते. तिच्यात भोकाभोकांची भिंत? आणि आमच्याकडं ज्याचं टाकं गळतं त्याला लोक हसतात. फवारणीचा हौद त्यांनी स्वतः बांधला होता आणि त्यातून थेंब गळत नसे, हे ते पाहुण्यांना दाखवत.

ईद आली. मिस्त्री चार दिवस सासुरवाडीला गेला. त्या चार दिवसांत आमच्या सासऱ्यांनी उरलेल्या सिमेंटनं दोन्ही खड्डे आतून गुळगुळीत लिंपून टाकले. एकट्यानं, खड्ड्यात उतरून, भोकं बुजवून, घोटून. मी शाळेत. मी आले तेव्हा वर फरशी बसलेली होती आणि ते हातपाय धुऊन फार समाधानानं चहा पीत होते. मिस्त्री परत आला तो वरची खोली बांधायला. खाली काय झालंय हे सासऱ्यांनी कुणालाच सांगितलं नाही आणि मिस्त्रीनंही फरशी उचलून पाहिली नाही.

संडास तयार झाला. पहिला मान सासूबाईंचा, असं मीच ठरवलं. त्या गेल्या, दार लावलं, आणि बराच वेळ आवाज नाही. मी बाहेर उभी. मग भळकन तो आवाज आला. दार उघडून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती की आनंद, मला कळेना. "अवं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गेलं कुठी?" मी त्यांना आत नेऊन दाखवलं की कोंबड्यात हे दोन बोटं पाणी राहतं ना, ते खालचा वास वर येऊ देत नाही. त्यांनी वाकून नाक लावून पाहिलं. शेणाचं घर, गोठ्याचं अंगण. आणि घरातली सगळ्यांत बिनवासाची जागा ही निघाली. त्या दिवसात दोन-तीनदा उगीचच जाऊन त्यांनी दार उघडून पाहिलं.

पाणी त्या लगेच प्यायला लागल्या नाहीत. आधी दुपारी एक तांब्या, मग संध्याकाळी चोरून अर्धा. आठ-दहा दिवसांनी मी पाहिलं, सूर्य मावळलेला आणि त्या चुलीपुढं बसून घटाघट पितायत. कमरेची कळ कमी झाली. लघवीची आग थांबली, हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं. मी बुलढाण्याला आईला फोन करून सगळं वर्णन केलं. आई म्हणाली, "अगं, जेवतेय मी."

आणि मग सव्वा महिन्यानं, होळीच्या सुमारास, एका सकाळी टमरेल ओतलं तर पाणी गेलं नाही. वर आलं, काठापर्यंत, आणि तिथंच थांबलं. दुसरं ओतलं तर बाहेर. जे त्या दिवशी अंगणात हसले होते तेच आता कुंपणापाशी येऊन मान हलवू लागले की एका टमरेलात होते का बाप्पा कुठी. मला मिस्त्रीचा राग आला, भांड्याचा आला, अंगावर आलेल्या माझ्या त्या काट्याचाही आला. सासूबाईंनी टमरेल उचललं आणि संध्याकाळी बायांच्या मागं गेल्या, त्या उघड्या काळ्या जमिनीवर. त्याच दिवसापासून त्यांनी पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला आणि त्यांनी कमर धरली. डॉक्टरणीचे शब्द मला पाठ होते. ती बाजू जाईल, मग दुसरी.

मिस्त्रीला निरोप धाडला. तो आला, भांड्यात पाहिलं, मग घरामागं जाऊन चालू खड्ड्याची फरशी सरकवली. खड्डा काठोकाठ भरलेला. त्यानं दुसऱ्या, रिकाम्या खड्ड्याची फरशी सरकवली, आत डोकावला, आणि तसाच उकिडवा बसून राहिला. आतून भिंत आरशासारखी गुळगुळीत होती.

"हे कोनं केलं?"

सासरे मागं उभे होते. "म्या," ते म्हणाले.

मला वाटलं आता मिस्त्री आकाशपाताळ एक करणार. मी असते तर केलं असतं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाबा, तुमच्या वावरात पानी साचून राह्यलं, मुरलं नाई, तं पऱ्हाटी काय करते?"

"पिवळी पडते. मरते."

"मंग? हे टाकं नाई. हे बी वावरच हाय. येचं पानी मातीले पेऊ द्या लागते. तुम्ही अडोलं."

सासऱ्यांना पुढचं काही समजवावं लागलं नाही. चाळीस वर्षं पाणी मुरवण्यात गेलेला माणूस. त्यांचा चेहरा इतका पडला की माझा राग आतल्या आत विरला. ते माझ्याकडं बघत नव्हते, मिस्त्रीकडंही नाही. घराच्या मागच्या दाराकडं बघत होते, जिथं सासूबाई कमरेला हात लावून उभ्या होत्या. मग त्यांनी छिन्नी-हातोडा उचलला. मिस्त्री म्हणाला मी करतो. ते ऐकेनात. दोघंही रिकाम्या खड्ड्यात उतरले आणि दिवसभर एकेक भोक मोकळं करत राहिले. सासऱ्यांनी इतकं मन लावून घोटलं होतं की सिमेंट सुटता सुटेना. भरलेल्या खड्ड्याकडं जाणारं पाणी या मोकळ्या केलेल्या खड्ड्याकडं वळवलं आणि तो जुना झाकून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी टमरेल ओतलं. भळकन. दोन बोटं पाणी. सासूबाई आत गेल्या, आणि बाहेर आल्यावर मी न सांगता त्यांनी तांब्या भरून घेतला.

ते भांडं त्यानंतर कधीही अडलं नाही. ज्या साली टँकर पंधरा दिवस आला नाही त्या सालीसुद्धा नाही. भांडी घासलेलं पाणी जपून ठेवायचं आणि तेच ओतायचं. त्याला सगळं चालायचं. कापसानं दोनदा दगा दिला, म्हैस विकली, नवऱ्याचं जिनिंग बंद पडून तो दुसरीकडं लागला. या सगळ्यात घरामागची ती चार बाय चार फुटांची खोली रोज आपलं काम बिनबोभाट करत राहिली. खामगावच्या डॉक्टरीण बाईंनी पुढच्या फोटोत सूज उतरलेली पाहिली आणि विचारलं, काय केलंत? सासूबाई लाजून म्हणाल्या, "बांधलं."

पाच-सहा वर्षांनी दुसरा खड्डा भरला. आता पहिला उपसायचा. आमच्या घरात कुणालाच धीर होईना. शेवटी एका शनिवारी मिस्त्रीला बोलावलं. आता त्याची दाढी पांढरी झालेली. मी सकाळची शाळा करून आले, नाकावर रुमाल बांधला. सासूबाई लांब लिंबाखाली पदर धरून. सासऱ्यांनी फावडं घेतलं. फरशी सरकली.

वास आला नाही. आम्ही सगळे श्वास रोखून होतो, तो हळूहळू सोडला, तरी नाही. खड्ड्याच्या गुळगुळीत भिंतीला काळ्या मातीनं वरपासून खालपर्यंत तडे पाडले होते. विटांचं जे होईल अशी सासऱ्यांना भीती होती ते तिनं त्यांच्या सिमेंटचं केलं होतं, आणि त्या तड्यांतून सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. आत होती माती. कोरडी, तपकिरी, भुसभुशीत. सासऱ्यांनी फावडं बाजूला टाकलं, वाकले, आणि मी "मामाजी" म्हणून ओरडेपर्यंत मूठ भरून वर काढली. हुंगली. बोटांतून खाली सोडली. "माती हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "माती हाय वं, ये पाहाले."

सासूबाई आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मी देवदेव करणारी बाई नाही. पण त्या क्षणी हात जोडावेसे वाटले, कुणाला ते कळत नव्हतं. ज्याची आम्हाला जन्मभर लाज वाटली, जे लपवण्यासाठी बाया अंधाराची वाट पाहत बसल्या, त्याचं मातीनं कुणालाही न विचारता हे करून ठेवलं होतं. मिस्त्री शांतपणे विडी पीत होता. त्यानं हे अनेकदा पाहिलं असणार, तरी तोही पाहत होता.

दुपार टळली. मिस्त्री गेला, सासरे ती माती लिंबाच्या आळ्यात टाकत होते. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. सासूबाईंनी गोड्या पाण्याचा तांब्या भरून आणला होता. एक लांब घोट घेऊन त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुले सांगू? मले वाटे, बायाईले तहानच कमी लागते. माह्या मायले म्या कधी पानी पेतानी पाह्यलं नाई. मले वाटे, बाईची जातच तशी."

त्या आणखी थोडं पाणी प्यायल्या आणि त्यांनी तांब्या माझ्यापुढं धरला.

"घे. तू बी सकायपासून पेली नसशीन."

"मी पिते की शाळेत."

"नाई पेत. शाळेतून आली का बॅग बी ठेवत नाई, पयले तिकडंच पयते तू. मले दिसते ना. कितीक वर्षं झाले, पाहून राह्यली."

आमच्या शाळेत बायांसाठी संडास होता. त्याला कुलूप होतं, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. चार पुरुष शिक्षकांसमोर जाऊन ती मागायची मला लाज वाटायची, म्हणून मी सकाळी निघताना पाणी पीत नसे आणि दुपारी डब्याबरोबरही नाही. माझी सवय आहे तशी, असं मी म्हणायची.

मी तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी एका दमात प्यायले. सोमवारी शाळेत गेल्या गेल्या मुख्याध्यापकांच्या टेबलापुढं उभी राहिले आणि सगळ्यांदेखत किल्ली मागितली. ती मी परत दिली नाही.